समोरच्या फाटकापाशी बसणारं कुत्रं

कुत्र्याच्या आधी त्याचा वास गल्लीत आला. गणपती बसायला आठवडा राहिला होता. सकाळी भाकरीला पीठ काढायला डब्याचं झाकण उघडलं आणि मला वाटलं, डब्यातच काहीतरी मेलंय. सगळं पीठ परातीत ओतून बघितलं, काही नव्हतं. मग ज्वारीची पोती ओढली, गॅसच्या टाकीमागं बॅटरी मारून पाहिलं, मोरीत फिनेल ओतलं. उंदीर सापडला नाही आणि वासही गेला नाही. गोडसर, जड वास होता तो. नाकातून उतरून घशात बसायचा आणि पाणी पिलं तरी तिथून हलायचा नाही.

भूम गावात बाजाराच्या मागच्या अंगाला आमची गल्ली आहे. तिथं मी नऊ वर्षं खानावळ चालवते. खानावळ म्हणजे घराचीच पुढची खोली, दोन लांब बाकं आणि भिंतीला लागून हात धुवायचा नळ. मिस्टर एसटीत चालक, लांबच्या गाडीवर. त्यामुळं निम्मा महिना घरात मी एकटीच असते. दुपारी दहाबारा माणसं जेवून जातात, त्यात बदली होऊन आलेले नोकरदार जास्त. स्वच्छतेबद्दल माझं नाव आहे, आणि त्याचं कारण फार काही मोठं नाही. मला किळस लवकर येते, एवढंच. लग्न होऊन आले तेव्हा शेणानं सारवायचं म्हटलं की मी हाताला पिशवी बांधायचे. त्यावरून सासरी लई बोलणी खाल्ली. पण पिशवी काही सोडली नाही.

तर त्या सकाळी मी दारात आले आणि समोरच्या घराच्या फाटकापाशी ते कुत्रं बसलेलं दिसलं. तांबूस रंगाचं, बरगड्या मोजता येतील असं. मान एका बाजूला कलती धरलेली. मानेभोवती सूज होती आणि सुजेवरचे केस हलत होते. मला वाटलं वाऱ्यानं हलतायत. मग लक्षात आलं की वारा नाही, आणि ते केसही नाहीत. जखमेत अळ्या पडल्या होत्या. तशीच मोरीकडं पळाले आणि सकाळचा चहा ओकून टाकला.

समोरचं घर गल्लीतलं सगळ्यात नीटनेटकं. बाहेरच्या भिंतीला फरश्या, दरवर्षी रंगवलेलं फाटक, अंगणात तुळशीच्या कट्ट्यावर रोज ताजी रांगोळी. तिथं राहणारं जोडपं माझ्याच वयाचं. नवरा एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरीला, बायको, म्हणजे माझ्या वहिनी, घरी मुलांच्या शिकवण्या घेतात. एकुलती एक मुलगी डॉक्टरकीच्या क्लासला लातूरला. वहिनींचं आणि माझं चांगलं होतं. माझ्याकडून आमटी जायची, त्यांच्याकडून लोणचं यायचं.

त्या दिवशी वहिनींनी फाटकावरून फिनेलचं पाणी फेकलं. कुत्रं उठलं, विजेच्या खांबापर्यंत गेलं आणि पाणी वाळल्यावर परत त्याच जागी येऊन बसलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गरम पाणी फेकलं. त्याचं ओरडणं मी आत भाकरी थापताना ऐकलं. मला दया आली नाही, खरं सांगते. आता तरी जाईल, एवढंच वाटलं.

ते गेलं नाही. गल्लीतल्या पुरुषांनी काठ्या घेऊन हाकललं, एकदा पोत्यात घालून टेम्पोतून गावाबाहेर सोडून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर फाटकापाशी तेच, मान तशीच कलती. आणि आता त्याच्याबरोबर माशा आल्या होत्या. हिरव्या, मोठ्या, जड उडणाऱ्या. त्या त्याच्या मानेवरून उठायच्या आणि माझ्या खोलीत ताटांवर येऊन बसायच्या. मी दाराला ओला पडदा लावला, बाकांखाली कापूर जाळला. तरी एक दिवस जेवता जेवता एका माणसानं घास खाली ठेवला आणि उंबऱ्याकडं बोट दाखवलं. उंबऱ्यावर तांदळाचा दाणा होता. तो दाणा चालत होता. माझ्या घराचं उष्टं मागच्या खड्ड्यात पडतं, ते खायला कुत्रं दुपारी माझ्या उंबऱ्यापुढून बोळात जायचं, आणि जाताना त्याच्या मानेतून असे दाणे गळायचे. तो माणूस हात धुवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी निम्मी ताटं मांडलेली तशीच राहिली.

गणपतीच्या दोन दिवस आधी दुपारी समोरच्या वहिनींचे मिस्टर आणि गल्लीतले तिघंचौघं माझ्याकडं आले. गल्लीच्या तोंडाशी मांडव पडला होता, आरतीला लोक येणार होते. त्यांचं बोलणं सरळ होतं. कुत्रं दुसऱ्या कुणी टाकलेल्या अन्नाला तोंड लावत नव्हतं, माझ्या घरचं उष्टं मात्र खात होतं. वहिनींच्या मिस्टरांनी कागदाची एक पुडी माझ्यापुढं धरली.

"भाकरीच्या काल्यात मिसळा," ते म्हणाले. "पुढचं आमी बघतो."

मी पुडी घेतली. कुणी जबरदस्ती केली नाही, आग्रहसुद्धा केला नाही. घेतली आणि खिडकीत ठेवली, आणि मला हलकं वाटलं. त्या रात्री मला पहिल्यांदा चांगली झोप लागली.

माझ्याकडं जेवायला येणाऱ्यांत एक मामा होते. ढोरांच्या दवाखान्यात कामाला. व्रणोपचारक असं त्यांच्या हुद्द्याचं भारदस्त नाव होतं, पण ते स्वतः सांगायचे की काम जखमा धुवायचं. कुटुंब तिकडं माकणीला, हे इथं खोली करून एकटे. निवृत्तीला आले होते. शांत माणूस, जेवताना मान वर करायचे नाहीत. पण त्यांचे हात मला बघवायचे नाहीत. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस, तो हात माझ्या भाकरीला लागतो, हे मनातून जायचंच नाही. म्हणून मी त्यांच्यासाठी एक ताट आणि एक तांब्या वेगळा ठेवला होता. ताटाच्या कडेला खिळ्यानं बारीक रेघ मारली होती, घासताना मिसळू नये म्हणून. हा जातीचा प्रश्न नाही, हातांचा आहे, असं मी स्वतःला सांगायचे. ते सांगावं लागत होतं, याचा मी कधी विचार केला नाही.

पुडी घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा उशिरा आले, तोवर बाकीचे जेवून गेले होते. मी एका फुटक्या वाडग्यात भाकरी कुस्करत होते आणि पुडी शेजारी होती. त्यांनी नळावर हात धुतले, पुडीकडं पाहिलं, बाहेर फाटकाकडं पाहिलं. त्यांना विचारावं लागलं नाही.

"घालायचं तर घाला ताई," ते म्हणाले. "पण ते हितं मरणार न्हाय. जळजळ उठली की कुठंतरी अडचणीत शिरंल, तुमच्या मोरीत न्हायतर मांडवाखाली. मग आत्ताचा वास कायच न्हाय असा वास सुटंल."

मी कुस्करायचं थांबवलं.

"अर्धा तास द्या मला. जखम धुवून देतो. धरायला एक माणूस पायजे फक्त."

मी गल्लीत विचारायला गेले. ज्यांनी पुडी दिली होती त्यांतल्या एकाला काम निघालं, दुसऱ्यानं सरळ नाक दाबून मान हलवली. वहिनींचे मिस्टर म्हणाले, औषध दिलंय ना, मग हा उद्योग कशाला. वहिनी दाराच्या आत उभ्या होत्या.

परत आले तर मामा सायकलवरची पिशवी सोडून बसले होते. कात्री, चिमटा, कापूस, टर्पेंटाईनची बाटली. माझं तोंड बघून त्यांनी ओळखलं. "मग तुमीच धरा," ते म्हणाले, जणू परात धरायची होती.

मी का गेले ते मला नीट सांगता येत नाही. दया म्हणून नाही, हे नक्की. पुडी मी घेतली होती आणि ती घेताना मला हलकं वाटलं होतं, ते कुणाला तरी दिसलंय असं वाटत होतं. मी दोन्ही हातांना पिशव्या बांधल्या, तोंडाला ओढणी बांधली. मामांनी भाकरीचा तुकडा दाखवून कुत्र्याला जवळ घेतलं, चिंधीनं त्याचं तोंड बांधलं, अंगावर पोतं टाकलं आणि मला त्याच्या पाठीवर वाकून पुढचे पाय धरायला लावले. वहिनींच्या फाटकासमोर, भर दुपारी, गल्लीच्या मधोमध. लोक लांब उभे राहून बघत होते.

मामांनी मानेवरचे केस कापले. खाली कातडी नव्हती. मानेभोवती तळव्याएवढ्या रुंदीचं लालकाळं भोक होतं आणि ते भोक पूर्ण भरलेलं होतं. टर्पेंटाईनचा बोळा लावला तशा अळ्या बाहेर यायला लागल्या, एकमेकींवरून, घाईघाईनं. बाजाराच्या दिवशी एसटीच्या दारातून माणसं उतरतात तशा. त्यांचा आवाज येत होता. हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण येत होता, ओल्या भातात चमचा फिरवल्यासारखा. मामा चिमट्यानं काढत होते आणि डब्यात टाकत होते. एक माझ्या मनगटावर पडली, पिशवीच्या वर, उघड्या कातडीवर. दोन्ही हात गुंतले होते, झटकता येईना. ती तिथं वळवळत राहिली. ओढणीच्या आत मला ओकारी आली. ती मी गिळली, कारण दुसरा इलाज नव्हता.

"सोडू नका," मामा हळूच म्हणाले. मग त्यांचा चिमटा कशाला तरी अडला.

त्यांनी बोटानं चाचपलं. कापसानं पुसलं, परत चाचपलं. अळ्यांच्या खाली, मांसात गेलेला एक पट्टा होता. नायलॉनची रिबीन. कुणीतरी पिल्लाच्या मानेत बांधली होती, पिल्लू वाढलं आणि रिबीन तेवढीच राहिली. मान तिच्याभोवती वाढली होती. मामांनी कात्रीचं टोक आत घातलं तसं कुत्र्यानं असा हिसका दिला की माझी पकड सुटली, त्याचं नख माझ्या दंडावर खोल ओढलं गेलं. बांधलेल्या तोंडातून त्याचा आवाज येत होता. मामा त्याच्यावर अंग टाकून धरायचा प्रयत्न करत होते आणि मला परत पाय सापडत नव्हता.

तेवढ्यात फाटकाच्या आतून वहिनींनी त्याला नावानं हाक मारली.

लाडाचं, दोन अक्षरी नाव. मोठ्यानं नाही, घरात हाक मारतात तशी. कुत्रं थांबलं. पोत्याखाली त्याचं अंग ढिलं पडलं, मान त्या आवाजाकडं वळवायचा प्रयत्न करायला लागलं, आणि शेपटी जमिनीवर आपटली. एकदा, मग परत.

ते नाव सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्याच्या आदल्या वर्षी समोरच्या घरात त्या नावाचं पिल्लू होतं, गुबगुबीत, मधाच्या रंगाचं. मुलीसाठी आणलं होतं. ती लातूरला गेली आणि थोड्या दिवसांनी पिल्लू हरवलं. वहिनी तेव्हा रडल्या होत्या. मी त्यांना शिरा करून नेला होता.

मामांनी वर पाहिलं नाही. कुत्रं शांत आहे तोवर त्यांनी रिबीन कापली आणि ओढून काढली. काळी पडलेली होती, पण एका टोकाला लाल रंग राहिला होता. त्याला एक घुंगरू होतं. ते डब्यात पडलं तेव्हा वाजलं नाही, आत सगळं गच्च भरलेलं होतं.

वहिनींचे मिस्टर पुढं आले. ते सगळ्यांकडं बघून म्हणाले की असली नावं शंभर कुत्र्यांची असतात, आमचं हरवलेलं वेगळं होतं. कुणी काही विचारलं नव्हतं. मग वहिनींना घेऊन ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मामांनी जखम धुतली, मलम भरलं, चिंधी सोडली. कुत्रं धडपडत उठलं आणि परत फाटकाच्या गजांना नाक लावून बसलं.

मी नळाखाली अर्धा तास हात धूत होते. साबण संपला, दुसरा काढला. तरी ती मनगटावरची जागा मला वेगळी जाणवत होती. मामा आत आले आणि भूक लागलीय म्हणाले. मी ताट घ्यायला वळले तर त्यांनी स्वतःच फडताळातून ताट काढून बाकावर ठेवलं होतं. रेघ मारलेलं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी म्हणाले, राहू द्या मामा, दुसरं देते. ते म्हणाले, असू द्या, ह्याची सवय झालीय. आणि जेवले, रोजच्यासारखे, मान खाली घालून. मी ते ताट त्याच संध्याकाळी मोडीत टाकलं. त्यानं मला बरं वाटलं असं काही नाही. दोन वर्षं मी एका माणसाला किळसेनं जेवू घातलं होतं आणि तो ते मुकाट्यानं जेवला होता, हे काही ताटाबरोबर मोडीत जात नव्हतं. पुडी मी जाळली.

दंडावर नखाचा ओरखडा होता म्हणून सरकारी दवाखान्यात सुया घ्याव्या लागल्या. दुसऱ्या सुईच्या दिवशी वहिनी आपण होऊन बरोबर आल्या. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर त्यांनी सांगितलं. मुलगी गेल्यावर पिल्लू अंगणात घाण करायचं, तुळशीचा कट्टा उकरायचं. मिस्टरांनी गाडीत घालून गावाबाहेर एका खव्याच्या भट्टीमागं सोडलं. भट्टीवर कढईची खरवड पडते, दुधातुपात राहील, असं दोघांनी ठरवून घेतलं. मुलीला हरवलं म्हणून सांगितलं. रिबीन काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी विचारलं, "तुम्ही त्याला ओळखलं कधी?"

त्या हातातल्या पर्सची चेन मागंपुढं करत होत्या.

"पहिल्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "शेपटीच्या टोकाला पांढरं आहे त्याच्या."

म्हणजे गरम पाणी ओळखून फेकलं होतं. काठ्या, पोतं, पुडी, सगळं ओळखून. मी त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांच्या अंगाला चंदनाच्या साबणाचा वास येत होता, आणि मला तीच मळमळ झाली जी कुत्र्याला धरताना झाली होती. मी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. त्या मागून म्हणाल्या की गल्लीत बोलू नका, मुलीला कळलं तर ती आमचं तोंड बघणार नाही. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला माझ्याकडं तोंड नव्हतं. त्यांनी ओळखून केलं आणि मी न ओळखता काला कुस्करला, एवढाच आमच्यात फरक होता.

गणपतीत त्यांच्याकडून मोदकांचं ताट आलं. कळ्या सुंदर पाडलेल्या, वर केशराची काडी. मी ते जेवायला येणाऱ्यांना वाढलं. मला एकही उचलता आला नाही.

कुत्रं जगलं. मामा रोज जेवायच्या आधी मलम लावून जायचे, एक दिवस त्यांचे साहेब येऊन सुईही देऊन गेले. दिवाळीपर्यंत जखम भरली. मानेभोवती केस आले नाहीत, गुलाबी, चकचकीत कातड्याचा पट्टा राहिला. तो दिसला की मी अजून नजर वळवते. मामा माघात निवृत्त होऊन माकणीला गेले.

मी कुत्र्याला रोज एक भाकरी घालते, खांबापाशी. पण ते मला भितं. मी पाय धरले होते ते त्याच्या लक्षात राहिलंय. मी दारात दिसले की ते लांब सरकतं, भाकरी ठेवून मी आत गेले की मग येतं. खाऊन झालं की समोरच्या फाटकापाशी जाऊन बसतं. त्या लोकांनी फाटकाला खालून जाळी बसवून घेतलीय. त्या जाळीला पाठ लावून ते झोपतं. माणसानं काय करायचं अशा जनावराचं, मला कळत नाही. कधीकधी मला त्याच्या त्या इमानाचीसुद्धा शिसारी येते.

वहिनी आणि मी बोलतो. पाणी आलं का, गॅस लागला का, इतकंच. वाट्यांची देवघेव थांबली, ती कुणी थांबवली असं नाही. मुलगी सुट्टीला येते तेव्हा वहिनींचे मिस्टर दोन दिवस आधी कुत्र्याला कुठंतरी बांधून ठेवायला देतात. ती गेली की ते परत येतं.

मागच्या महिन्यात जेवायला एक नवीन माणूस लागला, परंड्याहून बदलून आलेला. पहिल्या दिवशी हात धुता धुता त्यानं विचारलं की हे कुत्रं कुणाचं, समोरच्यांचं का. वहिनी तेव्हा अंगण झाडत होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण केरसुणी थांबली.

मी म्हणाले, "विचारा त्यांनाच."

त्यानं विचारलं नाही, जेवायला बसला. केरसुणी परत सुरू झाली.